आधी खालची जाळी, मग वरचा टर्बो: सुरतच्या घरांसाठी हवेचा खर्च

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा, गोडादरा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून सुरतला आलेली कितीतरी मराठी कुटुंबं या भागांत राहतात आणि त्यांची बरीच घरं एकाच साच्याची आहेत. रुंदी बारा-पंधरा फूट, लांबी त्याच्या तिप्पट, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, डोक्यावर स्लॅब किंवा सिमेंटचा पत्रा. हवेला वाट फक्त पुढून आणि मागच्या मोरीकडून. मे महिन्यातल्या दमट रात्री, किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यासाठी, अशी खोली शरीर पोखरणारी असते. म्हणूनच फेब्रुवारी-मार्चमध्ये, उकाडा सुरू व्हायच्या आत, हे काम उरकावं. पत्र्याला भोक पाडलं तर गळती बुजवायलाही जूनपर्यंत वेळ मिळतो.

बहुतेक लोक दुकानात जाऊन छपरावर वाऱ्यानं फिरणारा टर्बो किंवा एक्झॉस्ट पंखा विकत आणतात. पहिला पैसा तिथे घालू नका. गरम हवा वरून बाहेर जायची तर तेवढीच हवा खालून आत आली पाहिजे. दार-खिडक्या लावलेल्या खोलीत एक्झॉस्ट चालवला की तो मोरीच्या जाळीतूनच हवा ओढतो आणि घरभर गटाराचा वास येतो.

जागा किती हवी? राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दमट-उष्ण हवामानात, दारं सोडून, उघडणारी जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश असावी. 12 बाय 15 ची खोली म्हणजे 180 चौरस फूट. तिला 30 चौरस फूट उघडी जागा लागते. आता आपली 4 बाय 4 ची सरकती खिडकी पाहा. ती अर्धीच उघडते, म्हणजे 8 चौरस फूट. त्यात डासांची जाळी हवा आणखी अडवते, धूळ बसली तर फारच. जाळी काढू नका, दर पंधरवड्याला धुवा. नवी खिडकी करायची असेल तर सरकत्या पल्ल्यांऐवजी पूर्ण उघडणारे पल्ले घ्या.

तीस चौरस फूट जागा अशा घरात मिळणं कठीण, पण जेवढी मिळेल तेवढी समोरासमोर आणि खाली-वर मिळवायची. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सुरतला वारा मुख्यतः नैऋत्येकडून येतो. त्या बाजूची भिंत मोकळी असेल तर खालची जाळी तिथे, आणि बाहेर जायची वाट समोरच्या भिंतीत छताला लागून. दीड बाय एक फुटाचं भोक पाडून सिमेंटची जाळी बसवायला मजुरीसकट साधारण 800 ते 2,000 रुपये लागतात. कडिया (गवंडी) दिवसाच्या हजेरीवर येत असेल तर चार जाळ्या एकदमच करून घ्या. मीठी खाडीचं पाणी चढतं अशा गल्लीत खालची जाळी जमिनीपासून दोन फूट तरी वर ठेवा. शेजाऱ्याबरोबरच्या सामाईक भिंतीला मात्र हात लावू नका.

स्लॅबच्या घरात एक स्वस्त उपाय जिना आहे. गच्चीवर जिन्याची खोली असते, तिचं दार आपण चोरांच्या भीतीनं बंद ठेवतो. त्या खोलीच्या भिंतीत वर जाळीची खिडकी केली, लोखंडी गजांसह 2,000 ते 4,000 रुपयांत, की सगळा जिना धुराड्यासारखा काम करतो. स्लॅब रात्री उशिरापर्यंत दिवसाची ऊब सोडत राहतो, तेव्हा ही वाट रात्रभर उघडी राहणं मोलाचं आहे. स्लॅब फोडून टर्बो बसवायचा सल्ला कोणी दिला तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय मान्य करू नका. आतलं लोखंड कापलं जातं.

हवा खेळली तरी तापलेला पत्रा वरून अंगावर आग ओततच राहतो, म्हणून छपराचा खर्च यातच धरा. रॉकफेलर फाउंडेशनच्या आशियाई शहरांसाठीच्या हवामान कार्यक्रमात सुरत होती. त्यात सुरत आणि इंदूरमध्ये थंड छत आणि नैसर्गिक हवा यांचे प्रयोग जोडीनंच झाले. चुन्याचा हात चौरस फुटाला 2 ते 5 रुपये, पण दरवर्षी नवा. पांढरा परावर्तक रंग 20 ते 40 रुपये. स्लॅबवर चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांचा थर) 90 ते 150. म्हणजे 480 चौरस फुटांच्या गच्चीला चुना 960 ते 2,400, रंग 9,600 ते 19,200 आणि मोझॅक 43,200 ते 72,000 रुपये. भाडेकरूनं घरमालकाला विचारून चुनाच मारावा.

आता टर्बो. 24 इंची अ‍ॅल्युमिनियमचा, पत्र्याच्या पन्हळीला बसणाऱ्या बैठकीसह आणि फिटिंगसह 5,000 ते 8,000 रुपये. वीज लागत नाही, पण वारा पडला की तो जवळपास थांबतो. मोठ्या शेडला शोभतो. एका खोलीला मी 9 इंची एक्झॉस्ट सुचवेन. तो 1,300 ते 2,500 रुपयांत येतो, फिटिंग वेगळं. 40 वॅटचा पंखा रोज दहा तास चालला तर महिन्याला 12 युनिट. सात रुपये दर धरला तर 84 रुपये.

टर्बोसाठी पत्र्याला भोक पाडताना जपा: जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ घातक. कोरडं भोक पाडू नये; पाणी मारत, मास्क लावून, मुलांना लांब ठेवून. आणि त्यावर थेट पाय ठेवायचा नाही, फळी टाकायची. पत्रा फुटून माणसं खाली पडतात.

हवा भिंतीलाही लागते. भिंतीला लोणा आला म्हणून पीव्हीसीचे पॅनल मारणारे खूप आहेत. ओल आत कोंडते, मागे बुरशी वाढते. आधी गळका पाइप शोधा. पॅनल हवेच असतील तर उभ्या पट्ट्यांवर बसवा आणि खाली-वर अर्धा इंच मोकळं सोडा.

हे भाव ढोबळ आहेत. उंची, माल आणि गल्लीत सामान नेण्याची सोय यांवर ते हलतात. तीन जणांकडून लेखी भाव घ्या आणि त्यात परांची, जीएसटी, पत्र्याच्या भोकाभोवतीचं सीलिंग आणि राडारोडा उचलणं आहे का ते विचारा. वीस टक्के रक्कम पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायची, असं आधीच ठरवून कागदावर लिहून घ्या.