जुनी लष्करी स्पोरन घेताना आधी उलटी करून पाहा

किल्टला खिसा नसतो, म्हणून स्कॉटलंडचा माणूस कमरेच्या पुढे पट्ट्याने एक बटवा लटकवतो. ती स्पोरन. हायलंड पलटणींनी या साध्या बटव्याचा थाट केला. समोर लांब केसांचा झुबका आला, त्यावर गोंडे आले आणि वर धातूची किंवा चामड्याची पट्टी आली, जिला कँटल म्हणतात. ब्रिटनमधल्या लिलावांत या स्पोरन नेहमी येतात आणि ऑनलाइन बोली लावून पुण्यात बसूनही घेता येतात. मात्र दिसायला सारख्या दोन नगांच्या किमतीत सहज पाचपट फरक असतो. हा फरक पलटण, हुद्दा आणि काळाचा पुरावा या तिन्हींमुळे पडतो. विक्रेत्याने सांगितलेल्या शौर्यकथेची किंमत शून्य धरा.

अंदाज यावा म्हणून ढोबळ आकडे देतो. विसाव्या शतकातली साध्या शिपायाची स्पोरन बरी असेल तर साधारण ८० ते २०० पौंडांत मिळते. पहिल्या महायुद्धाआधीची अधिकाऱ्याची स्पोरन ३०० पासून ८०० पर्यंत जाते, आणि बॅजर या प्राण्याच्या डोक्याची चांगली असेल तर त्याहूनही वर. सियालकोटला बनणारी नवी नक्कल ५० पौंडांच्या आसपास पडते. पाइप बँडमध्ये घालायला ती उत्तम आहे, पण जुनी म्हणून विकली जाते तेव्हा फसवणूक होते.

पलटण ओळखायला आधी केसांचा आणि गोंड्यांचा रंग पाहा. पांढऱ्या केसांवर पाच आखूड काळे गोंडे असतील तर ब्लॅक वॉच. पांढऱ्यावर दोन लांब काळे गोंडे असतील तर सीफोर्थ किंवा गॉर्डन, मग कँटलवरचा बिल्ला पाहून ठरवायचे. काळ्या केसांवर दोन पांढरे गोंडे म्हणजे कॅमेरॉन. काळ्यावर सहा आखूड पांढरे गोंडे म्हणजे आर्गाइल अँड सदरलंड. याच आर्गाइलच्या अधिकाऱ्यांची आणि सार्जंटांची स्पोरन बॅजरच्या डोक्याची असे. गॉर्डनच्या अधिकाऱ्यांना पाच सोनेरी जरीचे गोंडे होते. पलटण आणि हुद्दा यांचा मेळ बसत नसेल, म्हणजे जरीचे गोंडे एकीचे आणि बिल्ला दुसरीचा असे दिसले, तर ती स्पोरन दोन-तीन तुटक्या नगांतून जुळवलेली असण्याची शक्यता मोठी.

आता ती उलटी करा. समोरची बाजू केस विंचरून, धातू घासून सजवता येते. मागे ते जमत नाही. शिपायाची स्पोरन सरकारी पुरवठ्यातली असे, म्हणून चामड्यावर सरकारी मालाचा बाणाचा ठसा शोधा, त्याच्याजवळ कधी साल किंवा शिपायाचा क्रमांकही सापडतो. अधिकारी मात्र आपला पोशाख स्वतःच्या पैशाने शिवून घेत, त्यामुळे त्यांच्या स्पोरनच्या आत शिंप्याच्या किंवा दुकानाच्या नावाची पट्टी असते. ही पट्टी सोन्यासारखी जपा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या पोस्ट ऑफिस डिरेक्टऱ्या फुकट ऑनलाइन ठेवल्या आहेत. ते दुकान त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होते हे त्यांत पाहता येते, आणि एका संध्याकाळच्या कामात तुमची स्पोरन दहा-पंधरा वर्षांच्या टप्प्यात येऊन बसते. माझ्या मते काळ ठरवण्याचा यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग नाही.

मागे फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो भाग १९३० च्या दशकाआधीचा नाही. चकचकीत क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाअखेरीपासूनचा. अॅल्युमिनियमचा पिवळट, कधीच न काळवंडणारा बिल्ला दुसऱ्या महायुद्धानंतरचा. रेक्झिनचा बटवा असेल तर पुढे बोलूच नका. केस खरे आहेत का हे पाहायला विक्रेत्याची परवानगी घेऊन एक गळलेला केस जाळा. खरा केस जळक्या केसांचाच वास देतो, नायलॉन वितळून त्याचा मणी होतो.

कँटल चांदीची असेल तर काम सोपे होते. एडिनबरोच्या ठशात तीन बुरुजांचा किल्ला असतो, सोबत वर्षाचे अक्षर असते, आणि १७५९ ते १९७४ या काळात काटेफुलाचे, म्हणजे थिसलचे चिन्ह असते. राजाचे किंवा राणीचे मस्तक उमटलेले असेल तर नग बहुधा १७८४ ते १८९० मधला, कारण ते चांदीवरचा कर भरल्याचे चिन्ह होते आणि तो कर १८९० मध्ये उठला. विजेने दिलेला मुलामा असेल तर १८४० च्या आधीचा दावा मानू नका.

बिल्ल्यावर ४२, ७९ किंवा ९२ असा नुसता आकडा असेल तर तो बहुधा १८८१ पूर्वीचा, कारण त्या वर्षी बहुतेक पलटणी जोडून त्यांना नावे दिली गेली. मुकुट असेल तर त्याचा आकार पाहा. १९०१ ते १९५२ या काळातला राजांचा मुकुट आणि त्यानंतरचा राणी एलिझाबेथचा मुकुट वेगळे दिसतात. आर्गाइलच्या बिल्ल्यावरचा मुकुट मात्र राजकन्या लुईझचा आहे, त्यावरून साल काढायला जाऊ नका.

दोन कथा हमखास ऐकू येतात. पहिली, ही स्पोरन पहिल्या महायुद्धात सॉमच्या खंदकातून आली. पण त्या युद्धात आघाडीवरचे हायलंडर किल्टवर खाकी कापडाचा एप्रन बांधत आणि केसाळ स्पोरन मागे ठेवत. दुसरी कथा, ही स्पोरन असईच्या लढाईतली, आपल्याला जास्त भुलवते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला ७४वी आणि ७८वी हायलंड पलटण मराठी फौजेशी लढली, आणि 'असई' लिहिलेला हत्ती त्यांना सन्मान म्हणून मिळाला. तो हत्ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या मिरवला गेला. म्हणून बिल्ल्यावर हत्ती दिसला तर पलटणीचा धागा मिळतो, पण साल ठरत नाही. शिवाय मोठ्या केसाळ लष्करी स्पोरनचा बहर असईनंतरचा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला आहे.

आता खरे बिल. हातोडा ३०० पौंडांवर पडला. लिलावगृहाचे कमिशन २५ टक्के धरले तर ७५ पौंड, त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट म्हणजे १५ पौंड. झाले ३९०. पौंड ११५ रुपये धरला तर ४४,८५०. काही ठिकाणी ऑनलाइन बोलीचे आणखी काही टक्के लागतात. टपाल, विमा आणि आपल्याकडचे सीमाशुल्क वेगळे. भारतात शंभर वर्षांहून जुनी वस्तू कस्टम्सच्या यादीत पुरातन म्हणून स्वतंत्र गटात मोडते, त्यामुळे पावतीवर अंदाजे साल लिहून घ्या. बॅजरचे कातडे किंवा डोके असेल तर पैसे भरण्याआधी कस्टम्स एजंटला विचारा.

बॅजरची जुनी डोकी टिकवायला आर्सेनिक वापरत. हातमोज्यांशिवाय हात लावू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका. कोकणच्या दमट हवेत चामडे बुरसते आणि पितळ हिरवे पडते, म्हणून कोरड्या कपाटात सुती कापडात ठेवा आणि कसरीसाठी दर दोन महिन्यांनी केस तपासा. पितळ चकचकीत घासू नका. घासताना बिल्ल्यावरचे बारीक काम झिजते, आणि जाणता ग्राहक त्या झिजेचे पैसे तुमच्या भावातून कापतो.