बास्केटबॉलच्या मॅडम व्हायचंय?

बारावीचा निकाल लागला की नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात घराघरांत ठरलेली नावं फिरू लागतात. नर्सिंग, डी.एड., पोलीस भरती, नाहीतर एमपीएससी. मुलगी पळण्यात चपळ असेल, शाळेच्या खो-खो संघात असेल, तर सल्ला आणखी लवकर मिळतो : ‘भरतीचं ग्राउंड मार.’ सल्ल्यात चूक काही नाही. पण खेळणाऱ्या मुलीसाठी आणखी एक वाट आहे आणि ती पेठमधूनही धरता येते, हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं. महाविद्यालयातल्या मुलींचे संघ घडवण्याची ही वाट. उदाहरणादाखल या लेखात बास्केटबॉल घेतला आहे, कारण हा खेळच मुळात व्यायामशिक्षकांनी जन्माला घातला. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड इथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने पीचची टोपली टांगून तो सुरू केला. पुढच्याच वर्षी स्मिथ महाविद्यालयातल्या सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला आणि मार्च १८९३ मध्ये त्यांचा पहिला सामना भरवला. महाविद्यालयातली मुलींची बास्केटबॉल प्रशिक्षक ही भूमिका तेव्हापासूनची.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘महिला बास्केटबॉल प्रशिक्षक पाहिजे’ अशी जाहिरात आपल्या वरिष्ठ महाविद्यालयांकडून सहसा निघत नाही. तिथे जे पद असतं त्याचं नाव ‘शारीरिक शिक्षण संचालक’. मुलांच्या तोंडी ते ‘जिमखान्याचे सर’ किंवा ‘स्पोर्ट्सच्या मॅडम’. बास्केटबॉलचा संघ, कबड्डीचा संघ, क्रॉसकंट्रीच्या मुली, योगदिन, वार्षिक क्रीडा महोत्सव, सगळं याच एका माणसाच्या खांद्यावर. त्यामुळे नियोजनाला दोन पाय लागतात. एक, पद मिळवून देणारी पदवी. दुसरा, एका खेळातलं पक्कं प्रशिक्षण. केवळ खेळाडू म्हणून नाव कमावलं की नोकरी आपोआप चालत येईल, या भरवशावर अनेक चांगल्या खेळाडूंची वर्षं वाया जातात. उलट, फक्त पदवी घेतलेल्या शिक्षिकेच्या हातात संघ दिला तर दुसऱ्या सामन्यातच मुलींना ते कळतं.

पदाच्या अटी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दिल्या आहेत. शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, तीही किमान ५५ टक्के गुणांनी. राखीव प्रवर्गाला यात ५ टक्क्यांची सवलत आहे. त्यानंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत प्रतिनिधित्व केल्याचा पुरावाही लागतो. शेवटची अट अनेकांना जाहिरात वाचतानाच कळते : शारीरिक क्षमता चाचणी. तिशीच्या आतल्या महिला उमेदवाराला ८ मिनिटांत १००० मीटर अंतर पळत किंवा चालत पार करावं लागतं. चढउताराच्या वाटेने शाळेत गेलेल्या पेठच्या मुलीला या अटीची धास्ती वाटायचं कारण नाही.

यात पालकांनी नीट लक्षात घ्यावी अशी एक बाब आहे. संचालकपदासाठीचं प्रतिनिधित्व अमुकच खेळातलं हवं, असं नियम सांगत नाही. खो-खो किंवा धावण्यात विद्यापीठ गाठलेली मुलगीसुद्धा या पदाला पात्र ठरू शकते. बास्केटबॉल ती महाविद्यालयात शिकली तरी चालतं. मात्र पुढे त्याच खेळाचा प्रशिक्षण डिप्लोमा करायचा, तर त्या खेळातल्या सहभागाची प्रमाणपत्रंही जमवावी लागतात.

वाट सुरू कुठून करायची? बारावीनंतर कोणत्याही शाखेची पदवी चालते. पेठमध्ये डांग सेवा मंडळाचं महाविद्यालय आहे आणि ते पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. म्हणजे स्पर्धांची साखळी तीच : आधी आंतरमहाविद्यालयीन, मग नाशिक विभाग, मग विद्यापीठाची निवड चाचणी आणि तिथून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ. छोट्या महाविद्यालयातून खेळलं म्हणून पुढचं दार बंद होत नाही, कारण विद्यापीठाचा संघ निवड चाचणीतून ठरतो. पदवीनंतर शारीरिक शिक्षणातलं दोन वर्षांचं बी.पी.एड. त्याच्या प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्ष घेत असलेल्या परीक्षेत लेखीबरोबर मैदानी चाचणीही असते. त्यापुढे दोन वर्षांचं एम.पी.एड. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून या क्षेत्रात आहे. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. हिशेब केला तर बारावीनंतर सात वर्षं, शिवाय नेट-सेटची तयारी. इंजिनिअरिंगपेक्षा लांबचा पल्ला आहे हे आधीच मान्य केलेलं बरं.

दुसरा पाय म्हणजे पतियाळा. तिथल्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था चालते. तिचा प्रशिक्षण डिप्लोमा क्रीडाक्षेत्रात ‘एनआयएस’ या तीन अक्षरांनीच ओळखला जातो. एक वर्षाच्या या अभ्यासक्रमात खेळाच्या तंत्राबरोबर शरीरशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र, सरावाचं वर्षभराचं नियोजन असं सगळं येतं. वर्षभर घर सोडणं जमत नसेल तर सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. मात्र दोन्हींचं वजन सारखं नाही. जिथे ‘एनआयएस डिप्लोमा’ मागितला असेल तिथे सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र चालत नाही.

पैशाचं स्पष्टच बोलू. अनुदानित महाविद्यालयात पूर्णवेळ नेमणूक झाली तर सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, वर महागाई भत्ता. हा आकडा पाहून घर खूश होतं. पण अशा जागा मोजक्या निघतात आणि एका महाविद्यालयात हे पद सहसा एकच असतं. सेट झालेले कितीतरी उमेदवार वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटी मानधनावर काम करतात. सत्र संपलं की मानधनही थांबतं. म्हणून बी.पी.एड. झाल्याझाल्या उघडणारी दारं डोळ्यांसमोर ठेवावीत. शाळांमधल्या क्रीडा शिक्षकांच्या जागा आहेत. आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य निवासी शाळांच्या भरतीत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांची पदं पुरुष आणि महिला अशी वेगळी असतात, हे मुलींनी मुद्दाम लक्षात ठेवावं. राज्याच्या क्रीडा खात्यात क्रीडा अधिकारी आणि क्रीडा मार्गदर्शक ही पदं आहेत. शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ज्यांचा खेळ खरोखर वरच्या दर्जाचा आहे त्यांना रेल्वे खुणावते. भारतीय रेल्वेचा महिला बास्केटबॉल संघ वर्षानुवर्षं देशात बलाढ्य आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तेव्हा मराठी घरातली मुलगी या खेळात कुठवर जाऊ शकते हेही दिसलं.

पोटापाण्याची सोय आणि खेळ या दोन्ही दोऱ्या एकाच वेळी हातात धरल्याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे सोनिया रामन. त्यांच्या आईचा जन्म नागपूरचा, वडिलांचा चेन्नईचा. त्या स्वतः वाढल्या अमेरिकेत. टफ्ट्स विद्यापीठात त्या खेळल्या, मग बोस्टन कॉलेजमधून कायद्याची पदवी घेतली. अमेरिकेच्या कामगार खात्यात आणि नंतर एका मोठ्या वित्तसंस्थेत त्यांनी नोकरी केली. याच काळात वेलस्ली महाविद्यालयात सहायक प्रशिक्षकाचं काम चालू होतं. २००८ मध्ये एमआयटी या विख्यात तंत्रशिक्षण संस्थेच्या महिला संघाचं मुख्य प्रशिक्षकपद मिळालं, तेव्हा कुठे मैदान हेच त्यांचं मुख्य काम झालं. तिथे त्या १२ वर्षं होत्या. अभ्यासात बुडालेल्या मुलींचा तो संघ त्यांनी २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं आपल्या गटाचा विजेता केला. २०२० मध्ये पुरुषांच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या मेम्फिस संघाने त्यांना सहायक प्रशिक्षक म्हणून बोलावलं आणि २०२५ मध्ये सिएटल स्टॉर्म या व्यावसायिक महिला संघाच्या त्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. वकिलीवर एवढा खर्च करून मुलगी बॉलच्या मागे धावते, असं म्हणायची वेळ कुठल्याही आईबापांवर आली असती. पण दुसरी दोरी हातात येईपर्यंत त्यांनी पहिली सोडली नाही.

अमेरिकेतही हे पद सुरुवातीपासून थाटामाटाचं नव्हतं. पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. पगार महिन्याला २५० डॉलर. संघाची गाडी त्याच चालवायच्या आणि मुलींचे गणवेशही त्याच धुवायच्या. ३८ हंगामांनंतर त्या थांबल्या, तेव्हा नावावर १०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं होती. शैक्षणिक संस्थांत मुलींशी भेदभाव करायला मनाई करणारा कायदा तिथे १९७२ मध्ये आला होता. महिला संघांना निधी आणि पदं मिळत गेली त्यामागे तो होता.

घराजवळ पाहायचं तर पेठच्या शेजारचं सावरपाडा पुरेसं आहे. तिथल्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक जिंकलं. तिचं नाव सगळ्यांना पाठ आहे. नाशिकला तिला घडवणारे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांचं नाव मात्र खेळाच्या वर्तुळाबाहेर कमी लोकांना माहीत असतं. चांदवड भागातली संजीवनी जाधवही त्यांच्याच तालमीतली. प्रशिक्षकाच्या व्यवसायात प्रसिद्धीचा वाटा असाच असतो. ज्या मुलीला टाळ्यांची ओढ आहे तिने हे आधी पारखून घ्यावं.

प्रत्यक्ष काम कसं असतं, तेही जवळून पाहू. नवख्या मुलीला ले-अप, म्हणजे धावत जाऊन टोपलीजवळून बॉल टाकणं, शिकवायचा आहे. उजव्या हाताच्या खेळाडूने उजवं पाऊल, मग डावं पाऊल टाकून उडी घ्यायची आणि उजवा गुडघा वर नेत बॉल फळीवरच्या चौकोनाला टेकवायचा. सांगायला एक वाक्य, बसायला कित्येक दिवस. नवखी मुलगी तिसरं पाऊल टाकतेच आणि पंच शिट्टी मारतो. चांगली प्रशिक्षक आधी बॉल काढून घेते, जमिनीवर खडूने दोन खुणा करते, नुसती पावलं बसवते आणि मगच बॉल देते. खो-खोत वाढलेल्या मुलीची दिशा बदलण्याची चपळाई इथे कामी येते. पण खाली वाकून धावायची सवय मोडून नजर वर ठेवायला शिकवावं लागतं.

दुसरी बाब गुडघ्यांची. उडी मारून उतरताना गुडघा आत वळला तर आतला एसीएल हा अस्थिबंध फाटू शकतो, आणि ही दुखापत मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आढळते. दोन्ही पायांवर, गुडघे किंचित वाकवून, आवाज न करता उतरायचा सराव रोजच्या वॉर्मअपमध्येच बसवावा लागतो. रक्तक्षय, पाळीचे दिवस, सकाळी उपाशीपोटी सरावाला येणं हे सगळं मोकळेपणाने विचारता येतं, म्हणूनही मुलींच्या संघाला बाई प्रशिक्षक हव्या असतात.

उरलेला वेळ कागदात जातो. खेळाडूंचे पात्रता अर्ज, प्राचार्यांची सही, प्रवासभत्ता, बसचं आरक्षण, स्पर्धेच्या काळात बुडालेल्या प्रात्यक्षिकांसाठी विज्ञानाच्या प्राध्यापकांची मनधरणी. शिवाय पेठचा पाऊस आहेच. जून ते सप्टेंबर उघडं मैदान चिखल होतं आणि चिखलात बॉल उसळत नाही. २८ बाय १५ मीटरचं सिमेंटचं कोर्ट नसेल, तर व्हरांड्यात ड्रिबलिंग आणि पासिंग, भिंतीवर खूण करून नेमबाजी अशी सोय करावी लागते. बॉल मात्र मुलींचा, म्हणजे ६ क्रमांकाचाच घ्यावा; मुलांच्या ७ क्रमांकाच्या जड बॉलने शिकलं की फेकीची ढब बिघडते.

पालकांचे प्रश्न साधारण तीन असतात. उंची कमी आहे, चालेल का? खेळाडूला उंचीचा फायदा होतोच. प्रशिक्षकाच्या पात्रतेत उंचीचा कुठेही उल्लेख नाही. बाहेरगावी स्पर्धेला गेल्यावर मुलगी सुरक्षित का? संघासोबत महिला व्यवस्थापक कोण, मुक्काम कुठे, अंतर्गत तक्रार समिती कोणाकडे, हे महाविद्यालयाला थेट विचारावं. विचारणारे पालक त्रासदायक ठरत नाहीत. लग्नानंतर काय? संध्याकाळचा सराव आणि सुट्टीतल्या स्पर्धा हे या नोकरीत टळत नाही. ही अट स्थळ पाहतानाच सांगून टाकावी.

या वर्षी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. पदवीला प्रवेश घेताना पहिल्याच आठवड्यात जिमखान्यात नाव नोंदवावं. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात आल्याबरोबर त्यावरचं नाव, तारीख, स्पर्धेचा स्तर तपासून त्याची प्रत काढून ठेवावी. पाच वर्षांनी स्पेलिंग दुरुस्त करून घेताना आयोजक सापडत नाहीत. पंच किंवा गुणलेखक म्हणून जिल्हा पातळीवरच्या सामन्यांत काम मिळालं तर सोडू नये. नियम पक्के होतात आणि थोडं मानधनही मिळतं. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थिनींनी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरावा. बी.पी.एड.साठी शहरात जावं लागलं आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेची चौकशी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव नाशिकच्या तपासणी समितीकडे बारावीतच दाखल करावा, कारण राखीव जागेवरच्या प्रवेशाला आणि पुढे नेमणुकीच्या वेळी तोच कागद सगळ्यात आधी मागितला जातो.