उशाशी चार्जिंगला लावलेला फोन

“डॉक्टर, रात्रभर फोन चार्जिंगला ठेवला तर चालतं ना?” रक्तदाब मोजून पट्टा सोडत असताना हा प्रश्न हल्ली हमखास येतो. बॅटरीपुरतं उत्तर सोपं आहे. आजचे फोन पूर्ण भरले की चार्जिंग आपोआप थांबवतात. माझा उलटा प्रश्न एवढाच असतो, की फोन ठेवता कुठे? ‘उशीखाली’ असं उत्तर आलं की मात्र माझी हरकत सुरू होते.

चार्ज होताना लिथियम-आयन बॅटरी थोडी तापतेच. टेबलावर ती ऊब हवेत निघून जाते, उशी-पांघरुणात कोंडते. ४४ अंश सेल्सिअस म्हणजे हाताला जेमतेम गरम लागेल एवढंच. पण तेवढ्या तापलेली वस्तू सहा तास अंगाला चिकटून राहिली तर त्वचा भाजते. जागेपणी आपण अंग बाजूला घेतो. झोपेची गोळी घेतलेल्याला किंवा प्यायलेल्याला ते जमत नाही, आणि मधुमेहाने ज्यांचे पाय बधिर झालेत त्यांना तर जागेपणीही पत्ता लागत नाही. अशांनी पॉवर बँक अंथरुणात घेऊन झोपूच नये.

लॅपटॉप रोज तासन् तास मांडीवर घेणाऱ्यांच्या मांडीवर कधी कधी तपकिरी जाळी उमटते. खाज नसते, दुखत नाही, म्हणून लोक नायटा समजून मलम चोळत बसतात. मलमाने काही होत नाही. लॅपटॉप टेबलावर गेला की डाग बहुधा काही महिन्यांत फिके पडतात. फार जुने मात्र राहतात.

आता बॅटरीच्या तब्येतीबद्दल. ‘आधी पूर्ण उतरू द्या, मग पूर्ण भरा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियम-आयनला तळ गाठणं मानवत नाही आणि सतत काठोकाठ भरलेलं राहणंही. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवलीत तर ती जास्त टिकेल, पण त्यासाठी घड्याळ लावून बसण्याइतका हा विषय मोठा नाही. जुना फोन कपाटात ठेवायचा असेल तर अर्धा भरून ठेवा. मे महिन्यात नागपुरात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवणं हा मात्र बॅटरीवर शुद्ध अत्याचार आहे. चार्जर घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण आणि खाली आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. स्वस्तातल्या चार्जरचं आतलं इन्सुलेशन फुटलं तर २३० व्होल्टचा झटका वायरीतून थेट हातात येऊ शकतो. म्हणून वायर लावलेली असताना बोलणं टाळा, आणि ओल्या हाताने तर प्लगला हातच लावू नका.

फोनचं मागचं झाकण उचललं गेलंय, स्क्रीनच्या कडेला फट पडलीय किंवा टेबलावर ठेवल्यावर फोन डुगडुगतोय, म्हणजे बॅटरी फुगली. आत वायू साठलेला असतो. ती दाबून बसवायची नाही, टोचायची नाही, पुन्हा चार्ज तर अजिबात करायची नाही. सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा केंद्रावर द्या. घंटागाडीत टाकू नका, तिथे ती चेपली जाऊन पेट घेऊ शकते.

बॅटरीतून फुसफुस आवाज किंवा धूर आला तर फोन उचलायला धावू नका. जमल्यास मेन स्विच बंद करा, मुलाबाळांना घेऊन खोलीबाहेर पडा आणि १०१ ला कळवा. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन फ्लोराइडही असू शकतो. तो फुफ्फुसात गेल्यावर धाप काही तासांनीही लागते, म्हणून धूर नाकात गेला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात या. बॅटरीतला द्रव डोळ्यात उडाला तर डोळा उघडा धरून नळाखाली किमान १५ मिनिटं धुवा, मग लगेच रुग्णालय गाठा.

भाजलं तर अंगठी-बांगड्या लगेच काढा आणि भाजलेला भाग २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, फोड फोडणं नको. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, तर जखम लहान असली तरी डॉक्टरांना दाखवाच. गंभीर असेल तर १०८ ला फोन करा. आणि टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काहीही लावू नका. ते खरवडून काढल्याशिवाय आम्हाला जखम किती खोल आहे हे दिसत नाही, आणि त्या खरवडण्याचा त्रास रुग्णालाच होतो.