राख, दगडफूल आणि हिमनदी : आइसलँडमधील हवामान-इतिहासाचा अभ्यास

हवामानाचा इतिहास म्हटला की आकड्यांनी भरलेल्या नोंदवह्या डोळ्यांसमोर येतात. परंतु तापमापकाची नियमित नोंद ही फार अलीकडची गोष्ट होय. आइसलँडमध्ये स्टिक्किशोल्मुर या किनाऱ्यावरील गावी ती १८४५ साली सुरू झाली. त्यामागील हजार वर्षांचे हवामान जाणून घ्यावयाचे तर माती, दगड आणि बर्फ यांच्याकडेच वळावे लागते. म्हणूनच निरनिराळ्या देशांतील पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी उन्हाळ्यात या बेटावर येतात. त्यांचा पहिला पाठ वर्गात होत नाही, तर फावड्याने खणलेल्या खड्ड्यात होतो.

खड्ड्याची एक भिंत खुरप्याने साफ केली की तपकिरी मातीत काळे, करडे व पांढुरके पट्टे दिसू लागतात. हे ज्वालामुखीच्या राखेचे थर. प्रत्येक उद्रेकाच्या राखेचा रंग, कण आणि रासायनिक घटक वेगळे असतात. त्यामुळे थर ओळखता आला की वर्षही सांगता येते. सिगुर्दुर थोरारिन्सन (१९१२–१९८३) यांनी १९४४ च्या आपल्या प्रबंधात या पद्धतीचा पाया घातला. हेक्ला ज्वालामुखीच्या ११०४ मधील उद्रेकाची फिकट राख थ्योर्सारदालुर खोऱ्यातील शेतवाड्यांवर पसरली होती. त्यांपैकी स्टोंग येथील घराचे उत्खनन १९३९ साली झाले. तेथील वस्ती नेमकी कधी उठली याविषयी पुढे मतभेद झाले, तरी राखेच्या थराचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

या पट्ट्यांपैकी सर्वांत बोलका थर इ. स. ८७० च्या सुमाराचा. नॉर्स लोक बेटावर वस्तीला आले तो हाच काळ. या थराच्या खाली माती सावकाश साचलेली आढळते. वर मात्र ती झपाट्याने साचलेली दिसते. हे चांगले लक्षण नव्हे. वरच्या उतारावरून सुटलेली धूळ वाऱ्याने येथे आणून टाकली, एवढाच त्याचा अर्थ. भूर्जवृक्षांची तोड आणि मेंढ्यांची चराई यांमुळे जमीन उघडी पडली. थंडी वाढल्यावर गवत खुरटले, आणि चराई तीच राहिली. निसर्गाचा दोष किती व माणसाचा किती, हे विद्यार्थ्याने थरांची जाडी मोजून स्वतः ठरवावयाचे असते. मृद्संधारणासाठी १९०७ मध्येच सरकारी यंत्रणा उभारावी लागली, यावरून धूप किती झाली असेल याची कल्पना येते.

लिखित साधनांची जोडही येथे मिळते. ८ जून १७८३ रोजी लाकी येथे जमीन दुभंगून सुरू झालेला उद्रेक फेब्रुवारी १७८४ पर्यंत चालला. विषारी वायूने गवत दूषित झाले, जनावरे मेली आणि दुष्काळात देशातील सुमारे एक-पंचमांश माणसे दगावली. योन स्टेन्ग्रिम्सन या धर्मोपदेशकाने ते सारे प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवले. त्या धुक्याने उत्तर गोलार्ध थंडावून आफ्रिकेच्या व भारताच्या मोसमी पावसावरही परिणाम झाला असावा, असे संगणकीय प्रतिमाने सुचवितात.

पुढचा पाठ हिमनदीच्या पायथ्याशी. हिमनदी पुढे सरकताना दगडगोट्यांचा बांध रचते आणि मागे हटताना तो तसाच टाकून जाते. त्या उघड्या दगडांवर दगडफूल उगवते व वर्षाला मिलिमीटरच्या अंशांनी पसरते. सर्वांत मोठ्या चकत्यांचा व्यास मोजून बांधाचे वय काढतात; वाढीचा वेग ज्ञात वर्षांच्या दगडांवरून ठरवितात. ओलाव्यानुसार हा वेग बदलत असल्याने या उत्तरावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. स्वेन पाल्सन या वैद्याने १७९५ मध्येच हिमनद्यांवर ग्रंथ लिहिला होता. त्याच्या हयातीत तो छापला गेला नाही.

प्रत्यक्ष मोजणीचे श्रेय मात्र मुख्यतः गावकऱ्यांकडे जाते. हवामानतज्ज्ञ योन एथोर्सन यांनी १९३० मध्ये हिमनद्यांच्या टोकांची नियमित मोजणी सुरू केली आणि त्या कामी जवळच्या शेतकऱ्यांची मदत घेतली. पद्धत साधी होती : ठरलेल्या खुणेपासून बर्फाच्या कडेपर्यंत फीत धरावयाची आणि आकडा कळवावयाचा. १९५० साली स्थापन झालेल्या आइसलँड हिमनदी संस्थेचे स्वयंसेवक पुढे हे काम करू लागले. काही घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालले. कोणत्याही महागड्या उपकरणाने अशी अखंड मालिका मागाहून तयार करता आली नसती.

ब्रेइदामेर्कुरयोकुल या हिमनदीचे टोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रापासून जेमतेम पाव किलोमीटरवर होते. १९३० नंतरच्या दशकात ते मागे हटून पुढ्यात तळे साचू लागले, आणि ते आज कित्येक चौरस किलोमीटर पसरले आहे. ओक नावाची हिमनदी तर इतकी पातळ झाली की तिचे सरकणेच थांबले. २०१४ मध्ये तिला हिमनद्यांच्या यादीतून वगळण्यात आले व २०१९ मध्ये तेथे स्मृतिफलक बसविण्यात आला. जेथे तळी साचली तेथे फीत बर्फापर्यंत पोहोचत नाही. अशा ठिकाणी आता उपग्रहचित्रांवरून अंतर काढतात. आणि नवा आकडा जुन्या मालिकेत बसतो की नाही, हे तपासण्यासाठी आलेल्या विद्यार्थ्यांना प्रथम शेतकऱ्यांनी रोवलेल्या जुन्या खुणा शोधाव्या लागतात.