ट्रॅक्टर एक, शेतं आठ: मशीन लर्निंगने शेतांचा नकाशा आणि फेऱ्यांचं नियोजन



व्हिडिओमध्ये आपण अवजारं भाड्याने देण्याच्या व्यवसायाचं गणित बघितलं. त्यातला एकच मुद्दा इथे सविस्तर लिहितोय, कारण पैसे नेमके तिथेच मुरतात. तुम्ही ट्रॅक्टर घेतला, रोटाव्हेटर घेतला, बँकेचा हप्ता सुरू झाला. शेतकरी पैसे देतो एकराचे. डिझेल मात्र जळतं तासाचं. या दोघांच्या मध्ये जे अंतर आहे त्यातच तुमचा नफा असतो, किंवा नसतो.

आधी सगळ्यात सोपी बचत. समजा एक शेत ४० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब आहे, म्हणजे जवळपास एक एकर. पाच फुटी रोटाव्हेटर एका वेळी दीड मीटरचा पट्टा घेतो. लांबीच्या दिशेने चालवलं तर साधारण २७ पट्टे आणि २६ वळणं. रुंदीच्या दिशेने चालवलं तर ६७ पट्टे आणि ६६ वळणं. एका वळणाला २० सेकंद धरा (तुमच्या ड्रायव्हरचे किती लागतात ते घड्याळ लावून मोजा). फरक ४० वळणांचा, म्हणजे ८०० सेकंद. दिवसाला अशी आठ शेतं केली तर पावणेदोन तास नुसते वळण्यात जास्तीचे गेले! जमिनीला उतार असेल तर मात्र हा नियम बाजूला ठेवा. तिथे उताराला आडवंच काम करायचं, नाहीतर मोठ्या पावसात माती वाहून जाईल.

चौकोनी शेतात अनुभवी ड्रायव्हर हे नजरेनेच ओळखतो. पण आपल्याकडे भाऊहिश्शाने तुकडे पडलेले. कुठे तिकोनी, कुठे मध्येच विहीर. तिथे दिशा ठरवायला शेताची कड कॉम्प्युटरला माहीत हवी. आणि इथे मशीन लर्निंग येतं.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर १० बाय १० मीटरचा असतो. १०० चौरस मीटर. आपला गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक पिक्सेल, एक गुंठा, असंच लक्षात ठेवा. आता मघाचं एक एकराचं शेत बघा. त्यात ४० पिक्सेल, आणि फोटोच्या चौकटीत अगदी नीट बसलं तरी त्यातले २४ कडेचे. कडेच्या पिक्सेलमध्ये बांध, शेजाऱ्याचा ऊस, झाडाची सावली असं सगळं मिसळतं. परदेशातलं १० हेक्टरचं शेत घ्या, १००० पिक्सेलपैकी कडेचे सव्वाशेच्या आसपास. म्हणून तिकडचं सॉफ्टवेअर इकडे जसंच्या तसं चालेल अशी अपेक्षा करू नका. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतात सरासरी धारणक्षेत्रच १.०८ हेक्टर आहे. आपल्याला जास्त स्पष्ट फोटो लागतात, उपग्रहाचे किंवा ड्रोनचे. पावसाळ्यात ढगांमुळे खालचं काही दिसत नाही, हेही धरून चाला.

मॉडेल शिकतं कसं? माणसांनी बांध आखून दिलेले असंख्य फोटो त्याला दाखवतात. मग नवीन फोटोत बांध कुठे असेल याचा ते अंदाज बांधतं. या कामाला खूप वापरलं जाणारं यू-नेट हे तंत्र २०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग विद्यापीठात तयार झालं, तेही वैद्यकीय फोटोंसाठी. पेशीची कड शोधणारं तंत्र आज शेताचा बांध शोधतंय, गंमतच आहे!

माझं स्पष्ट मत सांगतो. तुमची गिऱ्हाइकं शंभर शेतांपर्यंत असतील तर मॉडेलवर एक रुपयाही घालू नका. पहिला फेरा शेताच्या कडेने मारायचा आणि फोनमध्ये जीपीएस चालू ठेवायचं. मोकळ्या रानात काही मीटरचा फरक पडेल, पण नियोजनाला तेवढं पुरतं. साखर कारखान्यासारखी हजारो शेतं सांभाळायची असतील तेव्हा मॉडेल परवडतं.

आणि एक लक्षात ठेवा, हा नकाशा बांधाच्या वादात काढायचा नाही. हद्द ठरते ती भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीने. बिलाचंही तसंच. सातबाऱ्यावरच्या क्षेत्रात पोटखराबाही असतो, प्रत्यक्ष काम त्याहून कमी जागेत होतं. एकर कुठला धरायचा हे चाक शेतात जाण्याआधी बोलून घ्या. गावात एकदा विश्वास गेला की पुढचा हंगामही जातो.

आता शेतांचा क्रम. हे खरं तर मशीन लर्निंग नाही, गणिताची वेगळी शाखा आहे. डँट्झिग आणि रॅमसर या दोघांनी १९५९ मध्ये पेट्रोलच्या ट्रकसाठी हा प्रश्न मांडला होता. आठ शेतांचे ४०,३२० क्रम होतात, बारांचे ४७ कोटींच्या वर. गुगलचं ओआर-टूल्स हे काम फुकट करतं, थोडं प्रोग्रामिंग येणारा मुलगा सोबत हवा. पण त्याला अंतर रस्त्याने द्यायचं, नकाशावर सरळ रेघ मारून नाही. पाणंद कुणी अडवलीय, कोणत्या पुलावरून ट्रॉली जात नाही, तार कुठे खाली लोंबतेय, हे उपग्रह सांगत नाही, ड्रायव्हर सांगतो. आणि वापसा! काळ्या रानाला वापसा यायला मुरमाड रानापेक्षा जास्त दिवस लागतात. जवळचं म्हणून ओल्या शेतात घुसलात तर ट्रॅक्टर रुतणार आणि ढेकळं निघणार.

मशीन लर्निंगचा दुसरा, माझ्या मते जास्त कामाचा उपयोग इथेच आहे: कोणत्या शेताला किती वेळ लागेल याचा अंदाज. त्याला लागते तुमची स्वतःची माहिती. ड्रायव्हरच्या वहीत रोज लिहा: शेत, क्षेत्र, मातीचा प्रकार, अवजार, सुरू आणि बंद केल्याची वेळ, डिझेल, रस्त्यात गेलेला वेळ. दोन हंगामांची अशी वही असेल तर गटशेतीवाल्यांना किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला दर सांगताना तुम्ही अंदाजाने बोलणार नाही. पुढच्या व्हिडिओत हीच वही एक्सेलमध्ये भरून तासाचा खरा खर्च काढू. तोपर्यंत किमान पंधरा शेतांच्या नोंदी हाताशी ठेवा.