फटीग फक्त लोखंडाला येत नाही

मशीन डिझाइनमध्ये फटीग शिकलो. यील्ड स्ट्रेंग्थच्या बराच खालचा लोडसुद्धा लाखो वेळा आला की शाफ्टला बारीक तडा जातो आणि एक दिवस तो तुटतो. वोलरने १८६० च्या दशकात रेल्वेच्या अ‍ॅक्सलवर हेच तपासलं होतं. त्याच सेमिस्टरला माझा गुडघा गेला.

कराटेत रोज दोनशे मावाशी गेरी मारायचे. ना पडले, ना मार बसला, तरी वाटीखालचा पटेलर टेंडन दुखायला लागला. वॉर्म-अप झाला की दुखणं गायब, म्हणून मी खूश! फसवणूक इथेच आहे. अंग गरम असेपर्यंत ते दबतं आणि दुसऱ्या दिवशी हॉस्टेलचा जिना उतरताना व्याजासकट परत येतं.

स्टील आपला तडा भरत नाही, शरीर भरतं, पण त्याला वेळ लागतो. नडगीच्या हाडात तर आधी खराब भाग काढला जातो, मग नवा भरतो. मधल्या काळात हाड उलट कमकुवत असतं. तेव्हाच किक वाढवल्या तर स्ट्रेस फ्रॅक्चर.

नुसती विश्रांतीही पुरत नाही, कारण टेंडन सुधारायला लोड लागतोच. म्हणून फिजिओने हळूहळू वजन वाढवायला सांगितलंय. रोज सकाळी एका पायावर स्क्वॉट करून दुखणं दहापैकी किती, ते वहीत लिहिते. काल चार होतं. बेल्टची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, फॉर्म अजून भरलेला नाही.