गळ कोणी टाकावा?

बनावट ई-मेल पाठवून माणसाला गळाला लावणे म्हणजे ‘फिशिंग’. ऐरोली-महापेच्या संगणक-उद्योगात उद्या आपल्यापैकी कित्येकजण जातील. अशा उद्योगांत कर्मचाऱ्यांची सावधता अजमावण्यासाठी कधीकधी व्यवस्थापनच असा गळ टाकते. हेतू रास्त, परंतु आमिष कोणते, हा प्रश्न नीतीचा होय. २०२१ साली इंग्लंडच्या ‘वेस्ट मिडलँड्स ट्रेन्स’ या रेल्वे कंपनीने सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांना कोरोनाकाळातील कष्टांबद्दल ई-मेलने बक्षीस देऊ केले. दुवा उघडणाऱ्यांना मग कळले, ती केवळ चाचणी होती! कामगार संघटनेने तीव्र निषेध केला. सावधता अवश्य शिकवावी, पण कृतज्ञतेचे सोंग आणून नव्हे. अपमानित कर्मचारी पुढे खरी फसवणूकही लपवू लागतो. मग नुकसान कोणाचे?